प्रोब चमकला नाही

आमच्या आदिलाबादच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या पीसीआर मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला अमृतरावांना खपत नसे. नवीन माणूस आला की त्याला उभं करून शिकवणी सुरू.

“प्रोब म्हंजे डीएनएचा बारका तुकडा. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा. नमुन्यात टीबीचा जंतू असन तरच प्रोब त्याच्या डीएनएला चिकटते. मशीनमंदी त्या डीएनएच्या नकला निघताना एन्झाइम प्रोबला तोडते, रंग मोकळा होते अन् चमकते. मशीन ते चमक मोजते. जंतूच नसन तं चमकन काय?”

सांगायचे मात्र झकास!

बेल्याला, त्यांच्या गावी, त्यांची सून रुपा खोकू लागली, ताप जाईना. सुनेला दवाखान्यात रांगेत कशाला उभं करायचं, म्हणून अमृतराव स्वतःच डबी घेऊन घरी गेले. दारात उभे राहून म्हणाले, “चांगलं खाकरून दे, बाई.”

त्या घरात सून सासऱ्यासमोर मोठ्यानं हसतही नाही. रुपानं पदर ओढला, पाठ केली आणि आवाज न करता डबीत थोडी थुंकी टाकली.

तपासणीला छातीतला बेडका लागतो आणि ही नुसती लाळ आहे, हे अमृतरावांना दिसलं होतं. दुसऱ्या कोणाची असती तर झापून परत पाठवली असती. पण सुनेला पुन्हा थुंक म्हणायला त्यांची जीभ रेटेना. तीच लाळ त्यांनी मशीनला लावली. प्रोब चमकला नाही. घरी फोन केला, “टीबी नाही.”

सासऱ्याचाच रिपोर्ट, मग शंका कोण घेणार? रुपा खोकल्याचं औषध पीत कापूस वेचत राहिली. एके दिवशी शेतातच रक्त पडलं. या वेळी दवाखान्यात नर्सनं तिला आडोशाला नेऊन बेडका घेतला. मशीनवर चमकेचा आलेख सरसर वर चढला.

“मागच्या वेळी नीट काऊन नाही खाकरलं, बाई?” अमृतरावांनी विचारलं.

“तुमी दारातच उभे होते ना, मामाजी.”

औषध सुरू झालं, पण फुप्फुसं पोखरली होती. रुपा गेली. तिच्या नवऱ्यानं, प्रवीणनं, बापाला एका शब्दानं दोष दिला नाही. अजूनही रोज सकाळी तो त्यांना गाडीवर बसवून ड्युटीला सोडतो. “एकदा तरी भांडला असता माह्याशी,” अमृतराव म्हणतात.