मनुबाईचं फुल ओके

सांगलीच्या विश्रामबागेत इंग्रजीचे क्लास घेणारे धैर्यशील सर कुणाची चूक पोटात घालत नसत. एखाद्यानं ‘व्हेरी युनिक’ म्हटलं की सरांचा खडू थांबलाच. “अरे, जे जगात एकच आहे, ते तू आणखी किती एकच करणार?” मुलं हसायची आणि मुलं हसली की सरांना चेव यायचा.

त्यांची आई मनुबाई तासगावजवळ मळ्यात एकटी राहायची. नवरा फौजेत होता तेव्हा सीमेवरून फोनवर म्हणायचा, “इकडं फुल ओके!” नवरा गेला, पण त्याचे शब्द तिनं टाकले नाहीत. रोज फोनवर लेकालाही तेच सांगायची, “फुल ओके हाय रं.” कधी नुसतंच “ओके” आलं, की काहीतरी बिनसलंय हे सरांना कळायचं. मिळेल त्या एसटीनं ते घर गाठायचे.

यंदा ती बेदाणे घेऊन क्लासवर आली आणि मागच्या बाकावर बसली. सरांना आयतंच उदाहरण मिळालं. “ही माझी आई. ही ‘फुल ओके’ म्हणते! ओके म्हणजे सगळं ठीक. त्यात फुल काय आणि हाफ काय?” वर्ग खो खो हसला. तीही तोंडाला पदर लावून हसली.

तेव्हापासून फोनवर नुसतं “ओके” यायला लागलं. आई सुधारली म्हणून सर खूश! शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, असं बायकोला, राजेश्वरीला, ऐकवूनही झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मात्र त्यांना आठवलं नाही.

मग एके दुपारी मळ्याशेजारच्या दादासोंचा फोन आला. आई बेदाण्याच्या शेडमध्ये कोसळली होती.

सांगलीच्या दवाखान्यात दादासो म्हणाले, “आवं सर, लय दिवस छातीत दुखत हुतं त्यास्नी. तुमी फोनवर इचारत हुता न्हवं?”

विचारत होते की! रोज विचारत होते. पण नुसत्या ‘ओके’ची खूण आपणच पुसून टाकली, हे सरांना आत्ता कळलं.

आईला शुद्ध आली तेव्हा सर तिच्या कानाशी वाकले. “आई, फुल ओके ना? एकदा म्हण की गं.”

मनुबाईनं आधी शेजारी उभ्या असलेल्या नर्सकडं पाहिलं. मग लेकाचा हात धरला.

“हळू बोल रं,” ती पुटपुटली. “चारचौघांत तसं म्हनत न्हाईत. तुला हसतील.”