बॅनरवरचे बावीस शुभेच्छुक

१४ जुलै २०२५ रोजी मी दामाजीला दोन हजार तीनशे साठ रुपये रोख दिले. पायथॉनच्या शिकवणीची फी. पायथॉन ही संगणकाला काम सांगायची भाषा. सदतीस वर्षं हिशेब लिहिले, तिच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. पण कंपनीचं मुख्य कार्यालय घोडबंदर रोडला गेलं आणि तिथल्या नव्या साहेबांनी लेखा विभागातल्या प्रत्येकाने दिवाळीपर्यंत पायथॉनचं प्रमाणपत्र आणावं असं पत्रक काढलं. मी मार्चमध्ये निवृत्त होतोय, हे मी लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘प्रत्येकाने’.

मी एका संकेतस्थळावर नाव आणि मोबाईल नंबर भरला, तिथेच चुकलो. अकरा दिवस क्लासवाल्यांचे फोन थांबले नाहीत. प्रत्येकाकडे शेवटच्या दोनच जागा शिल्लक. पंचेचाळीस हजारांची फी मी काही न बोलताच बारा हजारांवर यायची. काय शिकवणार विचारलं, की आधी डेमोला या. एकाने मला नोकरीची शंभर टक्के हमी दिली. वय सांगितल्यावरही मागे घेतली नाही.

हे सगळं आमचा शिपाई दामाजी ऐकत होता. मोहन्याच्या कोळीवाड्यातला, टेंभी नाक्याच्या ऑफिसात सव्वीस वर्षं. त्याच्या हातून बँकेचा एक कागद कधी गहाळ झाला नाही. दोष एकच, त्याला कोणाला नाही म्हणता येत नाही. चहाही दोन कप जास्त आणतो, कोणी आलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून.

त्याची मुलगी मनाली घोडबंदर रोडच्या एका कंपनीत तीन वर्षं होती. मोहन्याहून जाऊन-येऊन पाच तास, निम्मे ट्रॅफिकमध्ये. जूनमध्ये तिने नोकरी सोडली आणि वस्तीच्या समाजमंदिरात पायथॉनचा वर्ग काढायचं ठरवलं. समितीची अट होती, ३१ जुलैपर्यंत दहा विद्यार्थी जमले तरच हॉल मिळेल. कंपनीने तिची जागा १ ऑगस्टपर्यंत राखून ठेवली होती.

“तीन वर्षांत पोरीला उजेडी जेवताना बघितला नाय, साहेब,” दामाजी मला म्हणाला. मी पहिलं नाव नोंदवलं.

पावती पाहिली तर फी दोन हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी. नोंदणी क्रमांक विचारला. नोंदणीच नव्हती. सगळे लावतात म्हणून त्याने लावला होता. नोंदणीशिवाय कर घेता येत नाही, तीनशे साठ परत कर, असं मी सांगितलं. तो लगेच हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो.

मनालीने साधं पत्रक केलं होतं. काय शिकवणार, किती दिवस, फोन नंबर. दामाजीला ते फार किरकोळ वाटलं. त्याने वस्तीच्या नाक्यावर पंधरा फुटांचा बॅनर लावला. रविवारी मी तो पाहिला आणि डोक्याला हात लावला. मधोमध मनाली, चुलतभावाच्या हळदीत नेसलेल्या साडीत. भोवती गॉगल आणि सोन्याच्या साखळ्या घातलेले बावीस शुभेच्छुक. पायथॉन हा शब्द तळाला, मुंगीएवढा. फोन नंबर होता, पण छापायला जाताना एक मावसभाऊ भेटला आणि नंबराच्या जागी त्याचा फोटो आला.

आठवडाभरात एकही नाव आलं नाही. नवरा मुलगा कुठला, असं विचारायला सात जण घरी येऊन गेले. त्यातला एक पेढे घेऊन आला होता.

मनाली बापाशी बोलेनाशी झाली. मला म्हणाली, “काका, राहू दे आता. मी एक तारखेला जॉईन होते.”

मी दामाजीला बजावलं, चार फोटो काढ आणि नंबर टाक.

“कुनाचा तोंड कापू, साहेब? नंबर परत लिवता येईल. मानूस तुटला तं परत येत नाय.”

माझा तोल सुटला. “मग त्या बावीस तोंडांनाच विचार, तुमची पोरं कुठे शिकतात!”

मी रागाने बोललो होतो. त्याने ते काम समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटल्यावर तो एकेका शुभेच्छुकाच्या घरी जाऊ लागला. तुझा फोटो बघून लोक विचारतात, तुझा पोरगाही तिथेच जात असेल ना, एवढंच म्हणायचा आणि चहा पिऊन उठायचा. तीस तारखेपर्यंत आठ नावं आली. माझ्यासकट नऊ.

एकतीसला संध्याकाळी मी शिकवणीचं पुस्तक घ्यायला समाजमंदिरात गेलो, तर दामाजीचा शेजारी सहदेव त्याला दारात अडवून उभा. बॅनर लागल्यापासून त्याने दामाजीशी बोलणं टाकलं होतं.

“बावीस जनांत मी नाय? तुज्या बापाच्या मयताला खांदा कुनी दिलता?”

दामाजीने हात जोडले आणि नव्या बॅनरवर सगळ्यात वर त्याचाच फोटो लावायचं कबूल केलं. सहदेवने पेन मागितलं. मग आर्यन आणि प्रेम या दोन्ही मुलांची नावं लिहून गेला. अकरा झाले. मनालीने तिथूनच कंपनीला फोन करून जागा दुसऱ्याला द्यायला सांगितलं आणि त्या दिवशी घरी बापाच्या पंगतीला बसली, सात वाजता, उजेड असताना.

सध्या मी शनिवारी आणि रविवारी आर्यनच्या शेजारी बसतो. माझी चूक तो माझ्याआधी शोधतो आणि मोठ्याने सांगतो. नवा बॅनर लागला आहे. शुभेच्छुक तेवीस, फोन नंबर नाही. माझ्या पैशांचं विचारलं तर दामाजीने बॅनरकडे बोट दाखवलं.

तीनशे साठ रुपये अजून येणे आहेत.