आत्यासाठी घेतलेली जीप

बाबांनी जीप घेतली ती आत्यासाठी. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माकुणसारला दिलेली. तिचे यजमान अचानक गेले, मूलबाळ नव्हतं, आणि ती त्या घरात एकटीच बसून राहिली. बाबा आमच्या माहीमहून, म्हणजे मुंबईतल्या नव्हे, केळव्याजवळच्या माहीमहून, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचे, "माहेरी ये, चार दिवस राहून जा." तिकडून उत्तर यायचं, "गुडघे दुखतात, एसटीत चढवत नाय." बाबांना ते तंतोतंत खरं वाटलं. त्यांचा स्वभावच तसा. कुणी अडचण सांगितली की ते लगेच पाना शोधायला उठायचे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोईसरला तेव्हा कारखान्यांची बांधकामं जोरात चालली होती. तिथल्या एका ठेकेदाराने राबवून राबवून खिळखिळी केलेली जीप बाबांच्या नजरेत भरली. किलोमीटरचा काटा कधीच बंद पडला होता. गाडी किती चालली असेल, असं विचारल्यावर ठेकेदाराचा ड्रायव्हर मोठ्याने हसला. "साब, इंजन में दम है. बाकी सब देखना पड़ेगा." बाबांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

मग बाकी सब बघण्यात दिवस जाऊ लागले. आधी क्लच गेला. क्लच बसला तर रेडिएटर गळायला लागला. तो झाळून आणला तोवर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एक तुटला. वाडीतल्या पानवेलींना पाणी सोडून झालं की बाबा जीपखाली शिरायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. आई वैतागायची. "अहो, आधी जाऊन तिला भेटून तरी या."

"रिकाम्या हाताने काय जाऊ? गाडी धड झाली की थेट घेऊनच येतो. वाटेत बंद पडली तर ती बिचारी कुठे उभी राहील?"

कळस झाला तो पावसाळ्याआधी. खाऱ्या हवेने जीपचा पत्रा खायला सुरुवात केली होती. कोळीवाड्यात होड्यांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल चोळतात, ते बाबांनी लहानपणापासून पाहिलेलं. लाकूड टिकतं तर पत्रा का टिकणार नाही, असा हिशेब करून त्यांनी डबाभर तेल आणलं आणि जीपला खालून, वरून, आतून चोळलं. त्यानंतर गावातली झाडून सारी मांजरं आमच्या अंगणात राहायला आली. आईने जीपच्या दिशेची खिडकी लावून घेतली. पत्रा मात्र खरंच टिकला, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी हिवाळ्यात एका सकाळी आम्ही निघालो. मी मागे बसले होते, नाकाला रुमाल लावून. आत्या दारातच उभी होती. आम्हाला पाहिल्यावर तिने काही विचारलं नाही, आत गेली आणि लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. जीपजवळ येताच तिने पदर नाकाला लावला. "दादा, ही गाडी हाय का होडी?" कित्येक महिन्यांनी मी तिला पाहत होते, तेही हसताना, आणि मला फार बरं वाटलं.

केळव्याच्या अलीकडे रेडिएटर उकळला. बाबा उतरले, बॉनेट उघडलं आणि पाणी निवेपर्यंत आत्याला सगळी कथा सांगायला लागले. क्लच, पाटे, तेल, काही म्हणता काही सोडलं नाही. "तुला एसटीत चढायला नको म्हणून एवढं सगळं," ते म्हणाले. आवाजात अभिमान मावत नव्हता.

 आमच्याकडे सासरी दिलेली बाई आपली आपण माहेरी येत नाही. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला जातं. त्याला मुराळी म्हणतात.

"गाडी कशाला पायजे होती, दादा?" आत्या म्हणाली. "गुडघे दुखतात म्हटलं ते काय खरं होतं? आपल्या तोंडानं कशी सांगू, मला न्यायला ये म्हणून? हे गेले, आता माझ्यासाठी मुराळी कोण येतोय, असंच वाटायचं. तू चालत आला असतास तरी मी तुझ्या मागनं चालत आले असते."

बाबा तिथेच रस्त्यात, उघड्या बॉनेटपाशी रडले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. इतके दिवस त्यांच्या डोक्यात तिच्याशिवाय दुसरा विचार नव्हता, आणि तिला वाटत होतं की भाऊ आपल्याला विसरला.