मी म्हटलं, "पकडून राहिली ना!"

मंडळी, हे धावत्या बसमधून लिहितेय. टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

आज सकाळी वहिनीला घेऊन सानगडीकडच्या पहाडीवर गेले. वहिनी पुण्याची, लग्न होऊन नुकतीच साकोलीला आलेली. शेवटचा टप्पा म्हणजे उभा कातळ, हातापायांनी चढायचा. उजवीकडे आधाराला काही नाही, थेट खाली झाडांचे शेंडे.

मी आधी वर पोचले आणि पोटावर झोपून तिच्या सॅकचा पट्टा धरायला हात खाली सोडला. तिचं तोंड कातळाकडे, तिला काही दिसत नव्हतं.

"ताई, पकडलंत?"

"पकडून राहिली ना!"

आपल्याकडे याचा अर्थ, पकडतेय. तिनं ऐकलं, पकडून ठेवलंय. आणि कातळावरचा हात सोडला.

माझी बोटं पट्ट्यापासून अजून वीतभर लांब होती.

तिचा पाय घसरला. एक दगड सुटला, त्याचा आवाज लवकर आलाच नाही. पट्टा माझ्या हातात कसा आला, देव जाणे.

तिला वर ओढून घेतलं आणि मागच्या पायवाटेनं उतरलो. तुम्हीच सांगा, यात चूक कोणाची?

बसमध्ये आईचा फोन आला. "कुठं आहा वं?"

जन्मभर "येऊन राहिली" म्हणत आले. आज म्हटलं, "अजून पोचलो नाही, आई."