सालींसाठी आणलेले दुधी

सुमेधाच्या घरी चहाला गेलं की कपाबरोबर उपदेश फुकट मिळतो. कोथिंबिरीच्या काड्या टाकू नकोस, मटारच्या सालींची भाजी कर, भाताची पेज आमटीत घाल. राहते दुबई मरीनात बाविसाव्या मजल्यावर, नवरा सुजीत जबल अली बंदरात मोठ्या हुद्द्यावर, आणि फ्रिजमध्ये शिळ्या पोळ्यांचा डबा जपून ठेवलेला. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे मला हे रोजचंच. आम्ही बायका तिला पाठीमागे रेशनिंग ऑफिसर म्हणतो.

हे सगळं ती सासूबाईंकडून शिकली, मिरजेला फोन करकरून. सुनेत्राकाकू पासष्टच्या लढाईच्या सुमारास लग्न होऊन मोठ्या खटल्याच्या घरात आल्या. रेशनवर लाल ज्वारी, तीही मोजून मापून. त्या दिवसांत त्या जे रांधत, ते सुमेधा इथे करून त्याचे व्हिडिओ टाकू लागली आणि बघता बघता तिचं नाव झालं. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी स्टेजवरून 'करील ती कोंड्याचा मांडा' म्हटल्यापासून तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. मुलगी ईरा तेवढी खांदे उडवायची. म्हणायची, "मम्मा, इट्स जस्ट पील्स."

यंदा मंडळाच्या मेळाव्यात तिला स्टॉल मिळाला. लढाईच्या काळातलं जेवण, म्हणजे थालीपीठ आणि दुधीच्या सालींची चटणी, दीडशे माणसांसाठी. सासूबाईंना मिरजेहून खास बोलावून घेतलं, उद्घाटन त्यांच्या हस्ते. आता दीडशे माणसांना पुरतील एवढ्या साली कुठल्या घरात निघतात? अख्ख्या मजल्याने आठवडाभर दुधी खाल्ला असता तरी भागलं नसतं. तेव्हा सुमेधाने घाऊक बाजारातून दुधीची खोकीच्या खोकी उचलून आणली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी काकू सुजीतबरोबर देवळात गेल्या आणि आम्ही दोघी सोलायला बसलो. सालींचा ढीग वाढत गेला तसा सोललेल्या दुधींचाही वाढला. थोड्यांचा हलवा झाला, फ्रीझर भरला, शेजारणी नको नको म्हणायला लागल्या. मी विचारलं, एवढ्याचं करायचं काय? सुमेधा म्हणाली, "खलास, आता टाइम नाहीये. चटणी परतायचीय अजून." आणि तिने ते दुधी काळ्या पिशव्यांत भरून मजल्यावरच्या कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्यापर्यंत जाणाऱ्या नळकांड्यात, सोडायला सुरुवात केली. आपण काय करतोय हे त्या क्षणी दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, हे खरं.

चौथी पिशवी तोंडाशीच अडकली. आमच्या मजल्याची सफाई करणारा ओवेस ती ओढून काढून दारात घेऊन आला. दार उघडलं ते नुकत्याच परतलेल्या काकूंनी. त्याने विचारलं, "माँजी, सब्जी तो अच्छी है. गलती से फेंक दी क्या?" काकूंनी पिशवीत पाहिलं. मग मागे वळून ओट्यावरच्या सालींकडे पाहिलं. पिशवी तुझ्या खोलीतल्या माणसांसाठी घेऊन जा, असं त्यांनी ओवेसला मोडक्या हिंदीत सांगितलं आणि दार लावून घेतलं.

सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भराभर बोलत सुटली. वेळ नव्हता, फ्रीझर भरलाय, आधीच्या तीन पिशव्यासुद्धा... आणि तिथे तिची जीभ अडखळली, कारण आधीच्या पिशव्यांबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी हातातली सोलणी कुठे लपवू, असं मला झालं.

काकू रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि साधेपणाने म्हणाल्या, "दुधी पुरुषांच्या आणि पोरांच्या पानात जायचा गं. आम्हा बायकांना साली उरायच्या. म्हणून चटणी."

तीळ किती, मिरची किती, कढई लोखंडी का, सगळं सुमेधाने इतक्या वर्षांत विचारून घेतलं होतं. ती चटणी खायचं कोण, हे तेवढं विचारलं नव्हतं. लाजेने तिला रडू फुटलं. स्टॉलच रद्द करते म्हणाली. त्यावर काकूंनी, आता सालीही फेकणार का, एवढंच विचारलं आणि उठून तीळ भाजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी स्टॉलपुढे ही रांग. लोक बोटं चाटत होते, फोटो काढत होते, आणि कुणी कौतुक केलं की सुमेधाची मान आणखी खाली जात होती. तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी निनाद माइक घेऊन काकूंकडे आला. सुनेबद्दल दोन शब्द बोला म्हणाला. सुमेधाने हातातला चमचा खाली ठेवला. काकू कुणाची भीडभाड ठेवत नाहीत, खोटं तर त्यांना पोटच्या पोरासाठीही बोलता येत नाही, हे सुजीतनेच आम्हाला कितीदा हसत सांगितलं होतं. आता चारचौघांत होऊन जाऊ दे, मी त्याच लायकीची आहे, असं सुमेधा माझ्या कानाशी पुटपुटली.

"माझ्या सुनेच्या घरात," काकू माइकमध्ये म्हणाल्या, "काहीसुद्धा वाया जात नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे सुमेधाकडे बघत होते, एकट्या काकू सोडून. सुमेधाने माइक घ्यायला हात पुढे केला, अर्ध्यावर मागे घेतला, आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.