जाणूला थांबा सुचेना

मोहाच्या फाट्यावर कुणालाही जाणू वेखंडेचं घर विचारा, तो आधी हात वर करून दाखवील. म्हणजे जीप थांबवायला करतात तसा. मग हसेल, आणि मग घर दाखवील. शहापूर ते मुरबाड आणि मुरबाड ते शहापूर, मधे किन्हवली, मधे सरळगाव, कधी भाडं मिळालं तर नाशिक रस्त्यालाही, असा हा माणूस उभी हयात पशिंजर वाहत आला. ज्याचा हात वर त्याच्यासाठी ब्रेक, एवढंच त्याचं शास्त्र. कोंबड्यांची पाटी घेतलेली म्हातारी असो की दाखल्यासाठी तालुक्याला निघालेला मास्तर, हात दिसला की जाणूचा पाय आपसूक दाबला जायचा. पुढं जीपची मुदत संपली, ती भंगारात गेली आणि जाणू घरच्या ओट्यावर येऊन बसला.

अशात कल्याणहून हरेशचा, त्याच्या पोराचा फोन आला.

"बाबा, नवी गाडी घेतलीय तर वर्षाकडं जाऊन येऊ. कल्याण ते नाशिक. चालवायची तुमीच. आणि मनस्वी म्हणतेय, नुसतं पळत नाय जायचं, चांगलं काय असंल ते बघत जायचं. कुठं कुठं थांबायचं ते तुमी ठरवा. रस्ता तुमाला पाठ."

मनस्वी ही हरेशची बायको; वर्षा जाणूची लेक, नाशकात नर्स. तिनं घेतलेली नवी खोली आईबापानं अजून बघितली नव्हती.

"त्यात काय एवढं," म्हणून जाणूनं फोन ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या त्याच्या डोक्यात धुकं शिरलं.

इकडं त्याच्या बायकोनं, बायडीनं, संध्याकाळच्या आत सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं. "आमचं माणूस मला नाशकाला फिरवीत नेणाराय, थांबत थांबत." पेटीतलं लुगडं काढून तिनं उन्हात टाकलं. वर्षासाठी वाल निवडायला घेतले. जाणू ओट्यावरून ते लुगडं बघायचा आणि त्याचा जीव अजूनच कातावायचा.

दोन-चार दिवसांनी हरेशनं पुन्हा विचारलं. जाणूनं घसा साफ केला.

"पयला वाशिंद. कंपनीच्या गेटावर. पाळी सुटली की तिथं गर्दी असते."

"बरं."

"मंग शापूर. एस्टी स्टँडच्या भायेर, थोडं फुडं लावायचं, नायतर कंडक्टर लोक वरडतात. मंग आटगाव, टेसनाच्या तोंडाशी. लोकल आली का धा-पंधरा माणूस तरी..."

पलीकडं हरेश आणि मनस्वी दोघं खो खो हसत होती.

"बाबा, तुमी पशिंजर भरताय! आपण चारच जण जायचंय."

"मंग कशाला थांबायचं?" जाणूनं विचारलं. आणि हे त्यानं अगदी मनापासून विचारलं होतं.

मनस्वीनं फोन घेतला. "बाबा, असं बघा, तुम्हाला स्वतःला कुठं थांबावंसं वाटतं? घाटात एखादा पॉइंट, छान व्ह्यू..."

"घाटात गाडी थांबवत नसतात गो. चाकाला धोंडा लावाय लागतो."

मग हरेशच म्हणाला, "येत्या रविवारपर्यंत बघा. नाय सुचलं तर ऱ्हाऊ दे, वर्षालाच बोलवून घेऊ इकडं."

ऱ्हाऊ दे! आणि वाळत घातलेल्या लुगड्याला काय सांगायचं?

जाणू फाट्यावर कान्हाच्या टपरीवर गेला. कान्हा त्याचा जुना जोडीदार, चहा उकळता उकळता साऱ्या तालुक्याला अक्कल वाटणारा.

"कान्हा, तुला कुठं थांबावंसं वाटतं रे?"

"मी तर इथंच थांबलोय, जल्मापासून."

"तसं नाय रे. फिराय निघाल्यावर."

"मंग कसाऱ्याच्या अलीकडं ये ना माझ्या मेव्हण्याच्या हाटेलात. तो बघ कसा खूश होतो, नाशिकवाला आला का."

"तो तुझा थांबा झाला. माझा कुठला?"

कान्हानं गाळणी आपटली. "तुझं डोकं फिरलंय जाणू. एवढी वर्षं थांबतच तर होतास!"

तेच तर. थांबला तो, पण हात दुसऱ्याचे होते. जाणूनं डोळे मिटून सगळा रस्ता मनात चालवून पाहिला. मुरबाडचा नाका, सरळगावचा बाजार, किन्हवलीची शाळा. जिथं तिथं कुणीतरी उभंच. रिकामा, कुणी हात न केलेला रस्ता त्याला दिसेचना. मग थांबायचं तरी कशाच्या खुणेवर?

शनिवारी तो बायडीपाशी जाऊन बसला. ती वाल पाखडत होती.

"तुला कुठं उतरावंसं वाटतं गो?"

"मला काय ठावं? मी कधी बसलीय का फुडं तुमच्या जीपमधी?"

ती रागानं बोलली नव्हती. जीपवाल्यांची रीतच तशी होती. घरच्या माणसानं पशिंजराचं शीट अडवायचं नाही. बायडी भाजीची पाटी घेऊन फाट्यावर मोहाच्या झाडाखाली उभी राहायची, हात करायची, आणि भरलेल्या जीपमधून जाणू बोटानं खूण करायचा, मागून ये, पुढच्या फेऱ्याला. कधी मागच्या फळीवर पाट्यांमधे जागा मिळायची, कधी ती चालत सुटायची. यात दोघांनाही कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आज जाणूला वाटलं की काय, हे त्याचं त्यालाही नीट कळेना. तो नुसता सुपातले खडे वेचत राहिला. दोनदा तर वालच फेकले.

"बायडे, तू कल्याणला नको येऊस. मी गाडी घेऊन इकडूनच येतो. तुला फाट्यावरनं घेतो."

"अवं, नाशिक त्या अंगाला. हा उलटा फेरा नाय का?"

"हाय उलटा."

बायडीनं सूप खाली ठेवलं. मग पुन्हा उचलून पाखडायला लागली. "लुगडं चुरगळाय नको म्हणजे झालं," एवढंच म्हणाली.

हरेशला फोन गेला. "एक थांबा ठरलाय. बाकीचं नाय ठावं." हरेशनं मोबाइलवर नकाशा काढला, मुरबाडवरून वळसा बघून कपाळाला हात लावला. मनस्वी मात्र म्हणाली, एक तर एक, निघू या.

जाणू आदल्या रात्रीच कल्याणला पोचला होता; तिथून निघाले ते सकाळीच. मुरबाड गेलं, सरळगाव गेलं. समोर मोह दिसला, मोहाखाली लुगडं दिसलं, आणि बायडीनं रीतसर हात वर केला. कान्हा टपरीतून शिटी मारत होता. एवढ्या वर्षांची सवय, जाणू गाडी थोडी पुढंच नेऊन थांबला. बायडी वालाचं गाठोडं सावरत पळत आली. मागं बसलेल्या हरेशनं उतरून पुढचं दार उघडून दिलं.

"जागा हाय का?" तिनं वाकून विचारलं.

"बस ना गो," जाणू म्हणाला.

किन्हवली गेली. आता पुढं थांबायचं कुठं, हे कोडं होतं तसंच. त्यानं हळूच विचारलंही.

"फुडचं कशाला आत्ता? मी हात करीन ना," बायडी म्हणाली, आणि शहापूरच्या अलीकडं, दोन्ही बाजूला नुसती कापलेली भातखाचरं होती तिथं, तिनं काचेआडून हात वर केला. जाणूचा पाय ब्रेकवर दाबला गेला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ना देऊळ, ना झाड, ना टपरी.

"इथं काय हाय?"

"काय नाय. थांबता का बघत होते."