बांधलेल्या जबड्यातून आलेला प्रश्न

आता जे लिहितोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव दोन-तीन वर्षं गुपचूप वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मनातल्या मनात हसत आलोय. माझं सगळं आयुष्य मशीनमध्ये गेलं. मशीन थांबलं तर त्याला कारण असतं – फ्यूज, सेन्सर, नाहीतर माणूस. चौथं कारण मी कधी मानलं नाही. आजही मानतो का, ते सांगता येत नाही...

वय सत्तेचाळीस. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, शिफ्ट सुपरवायझर. राहायला कासारवाडीत, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, तिसरा मजला. मुलगी शिकायला बाहेरगावी असते, त्यामुळे घरी मी आणि बायको वैशाली, दोघंच.

मागच्या वर्षी माझ्या जबड्याचं ऑपरेशन झालं. खालचा जबडा जन्मापासूनच मागे, त्यामुळे झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी वरचा-खालचा असे दोन्ही जबडे कापून पुढे सरकवले, प्लेटा-स्क्रू लावले आणि वरचे-खालचे दात रबरांनी एकमेकांना घट्ट बांधून टाकले. तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. वैशाली डाळीचं पाणी गाळून सिरिंजने गालाच्या कडेने सोडायची. ओठ, हनुवटी सगळं बधिर. काही हवं असेल तर वहीत लिहायचो. उशाशी छोटी कात्री ठेवलेली असायची – उलटी झाली किंवा श्वास अडकला तर रबरं कापायला.

घरी आल्याचा पाचवा दिवस. दुपारचे पावणेतीन. खोलीत लख्ख ऊन. मी भिंतीला टेकून जागाच होतो. वैशाली पदराला हात पुसत आतून आली.

"बोलू नका म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

मी मानेनेच सांगितलं – बोललो नाही.

"अहो, मी काय बहिरी आहे? चांगलं खणखणीत बोललात. 'साहेब, कर्टन चालू व्हतं का ओ?' ऑपरेशनने आवाजपण बदलला वाटतं. आणि हे व्हतं-बिव्हतं कधीपासून? नांदेडकडे दुसरी सासुरवाडी केलीत की काय?"

स्वतःच हसली, खिडकीचा पडदा ओढला. "घ्या, लावलं कर्टन. झोपा आता."

मी झोपलो नाही. कारण ते वाक्य मी त्याच्या चार वर्षं आधी ऐकलं होतं. कंपनीच्या गाडीत. तेव्हा मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो – मी आणि बालाजी.

बालाजी माझ्या शिफ्टचा ऑपरेटर. नांदेडकडचा, हसरा, कामाला वाघ. आमच्या प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि त्यांच्यामध्ये न दिसणारे प्रकाशाचे किरण. हात मध्ये आला की प्रेस जागच्या जागी थांबते. त्याला आम्ही कर्टन म्हणतो. त्या वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा केली. झेंडूची माळ नेमकी दोन खांबांमध्ये लोंबत होती, त्यामुळे मुहूर्ताचा स्ट्रोक, प्रेसचा पहिला ठोका, बसेना. पूजेची माळ काढायची कशी? सगळे म्हणाले, "साहेब, राहू द्या हो, अपशकून नको." कर्टन बंद करायची चावी माझ्याकडे असायची. मी ती पॅनेलला लावून कर्टन बायपास केलं, स्ट्रोक मारला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी हाऊसकीपिंगने सुकलेली माळ काढून टाकली. चावी पॅनेललाच, बायपास तसाच राहिला. दोनची सेकंड शिफ्ट सुरू होऊन जेमतेम पाऊण तास झाला असेल. बालाजीचा पीस डायमध्ये, प्रेसच्या साच्यात, अडकला, त्याने रोजच्यासारखा हात घातला... सगळेच घालायचे, कर्टनच्या भरवशावर. प्रेस थांबली नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली.

मी धावलो. पण आधी मी पॅनेलकडे धावलो. चावी परत फिरवली, खिशात टाकली, आणि मग बालाजीला धरलं. हे लिहायला मला पाच वर्षं लागली.

गाडीत त्याचा हात टॉवेलात गुंडाळलेला. मला म्हणाला, "साहेब, कर्टन चालू व्हतं का ओ?"

मी म्हणालो, "हो, चालू होतं."

चौकशीत कर्टन तपासलं – व्यवस्थित चालू. ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं. खाली माझी सही.

आता परत जबड्याकडे येतो. नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांकडे तपासणी होती. खुर्चीत आडवा पडलो. ओठ दोन्ही बाजूंनी ताणून धरणारी प्लास्टिकची पट्टी तोंडात, दात बांधलेले. अशा अवस्थेत माणूस धड कण्हूही शकत नाही. डॉक्टर टॉर्च मारून बघत होते आणि आवाज आला. स्पष्ट. तेच वाक्य.

या वेळी तो मीही ऐकला, पण कानाने नाही, दातांतून. नवीन प्लेटा आतून थरथरल्या.

डॉक्टरांचा हात थांबला. मदतीला उभी असलेली मुलगी म्हणाली, "सर, हे बोलले?"

"कसे बोलतील? बाहेर कुणीतरी असेल. दार लाव गं." पण मग ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ नुसते बघत राहिले. टॉर्च विझवायचंही विसरले.

त्यानंतर रोज. पावणेतीन वाजत आले की मी वही घट्ट धरून बसायचो. वैशालीने हसणं सोडलं होतं.

तेराव्या दिवशी ती समोर बसून मला पेज देत होती. सिरिंज माझ्या गालाशी होती तेव्हाच आवाज आला. पहिल्यांदाच ती समोर होती. माझे ओठ हलले नाहीत, गळा हलला नाही, आणि आवाज माझा नव्हता. सिरिंज तिच्या हातातून पडली.

"अहो... हा कोण आहे?"

परत तोच प्रश्न आला. जरा मोठ्याने.

"विचारतोय ना तो काहीतरी. द्या ना उत्तर!" ती रडायला लागली.

मी वही ओढली. आणि काय लिहिलं माहितीये? 'हो. चालू होतं.' चार वर्षांनी, त्या अवस्थेतही, हाताने तेच लिहिलं.

शेवटचं अक्षर संपलं आणि दात एकमेकांवर आवळले गेले. कुणीतरी खालून हनुवटी दाबावी तसे. नाक सुजेने आधीच चोंदलेलं. श्वास बंद. वैशालीने कात्रीने एकेक रबर कापलं... सगळी कापली, तरी तोंड उघडेना. "उघडा ना हो, उघडा!" बोटांनी माझे दात फाकवायचा प्रयत्न करत होती. मग डॉक्टरांना फोन करायला हॉलमध्ये पळाली.

डोळ्यांपुढे काळं येत होतं. त्यात मी खाली लिहिलं – 'बंद होतं. मी बंद केलं होतं. तुझी चूक नाही बालाजी.'

जबडा सुटला. अलगद. आत हवा गेली.

ती परत येईपर्यंत मी ते पान फाडून उशीखाली सारलं. संध्याकाळी तुकडे करून संडासात टाकलं. म्हणजे बघा, जीव वाचल्यावर पहिलं काम मी पुन्हा तेच केलं.

डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा झटका, असं होऊ शकतं. आवाजाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आवाज त्यानंतर कधी आला नाही. वैशालीने एकदाच विचारलं, "तो साहेब कुणाला म्हणत होता?" मी लिहून दिलं, 'गोळ्यांमुळे काहीतरी झालं असेल.' तिने वाचलं आणि वही मिटून ठेवली. पण अजूनही दुपारी ती त्या खोलीत एकटी थांबत नाही.

तोंड नीट उघडायला लागल्यावर मी एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. मनाची तयारी केली होती की बालाजी गेल्याचं कळेल. तो म्हणाला, "बालाजी? ठणठणीत आहे की राव! तळेगावला एका सोसायटीच्या गेटवर असतो. परवाच भेटला. अजून तेच सांगतो बिचारा – चूक माझीच, कर्टन चालू होतं, साहेब खोटं कशाला बोलतील."

मेलेल्या माणसाचा आवाज असता तर निदान भीतीला नाव देता आलं असतं. हा जिवंत माणूस, अर्ध्या तासावर, गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मग माझ्या दातांमागून कोण विचारत होतं? मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, पण माझ्यापुरता प्रश्न तो नाही.

तळेगावला जाऊन, बालाजीसमोर उभं राहून, त्याच्या बायकोच्या देखत, त्याची काहीही चूक नव्हती हे मला तोंडाने सांगायचंय, आणि तेच कंपनीला सही करून लेखी द्यायचंय. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.